जास्वंदीवरच्या पाच अळ्या

गॅलरीतल्या जास्वंदीवर मावा पडला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. मुलांच्या पानासाठी किड्यांवर लिहायचं होतं, म्हणून आधी तिलाच सांगून पाहिलं. मावा म्हणजे पानांचा रस पिणारे बारीक हिरवे किडे. मुंगी मिशांनी त्यांच्या पाठीवर हळूच थोपटते, मग मावा गोड थेंब सोडतो. मुंगी तो पिते आणि माव्याची राखण करते.

"म्हणजे मुंगीच्या गाई," ती म्हणाली. "आणि ही काळी, काटेरी?"

"लेडीबर्डची अळी. ती मावा खाते."

"मग वाघ!"

तिनं पाच वाघ मोजले. मुंग्या त्यातल्या एकाला चावत होत्या. तो निमूटपणे दुसऱ्या पानावर गेला. थोड्या दिवसांत या अळ्या कोष करतील, त्यातून काळ्या ठिपक्यांचे लाल लेडीबर्ड निघतील, असं मी सांगितलं. ते तिला बघायचं होतं.

शनिवारी ती आईबरोबर सोयगावला मामाकडे निघाली. रिक्षात बसताना म्हणाली, "बाबा, झाडाला कुणी हात लावायचा नाही. तू पण नाही."

मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी तळमजल्यावर राहणाऱ्या खाला धुतलेला दुपट्टा घेऊन वर आल्या. "भाईसाब, तुमच्या झाडातून लई चिकट टपकतंय. गूळ उकळता काय वर?"

मी माफी मागितली. साबणाचं पाणी करून पंपानं झाड धुतलं. अळ्या आधी डबीत काढता आल्या असत्या. पाच मिनिटांचं काम होतं, पण ऑफिसला निघायचं होतं. पाचही कुंडीपाशी पडल्या. मी त्या केरात भरल्या.

संध्याकाळी मुलगी सोयगावहून परतली आणि चपला न काढताच गॅलरीत गेली. पानं स्वच्छ होती.

"वाघ कुठंयत?"

"उडून गेले."

तिनं एक पान उलटं करून पाहिलं. "बाबा, त्यांना पंख कुठं आले होते?"

मी दुपट्ट्याचं सांगू लागलो. ती आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मजकूर छापून आला. पेपर माझ्यासमोर होता. तो उचलून तिनं आईकडं नेला, पूर्ण वाचून घेतला आणि विचारलं, "आई, हे खरंय का?"