काशिनाथ आणि दोनशे लिटरचा ड्रम

काशिनाथ सहाशे मीटरवरच गुडघा धरून थांबला. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. कंपनीच्या फिटनेस टेस्टला आठवडा उरला होता: दोन किलोमीटर, सोळा मिनिटं. नापास होणाऱ्याला ‘हलकं काम’ मिळणार होतं. अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्यात हलकं काम कुठेच नव्हतं. म्हणजे थेट गेटबाहेर.

मी फिजिओथेरपिस्ट. दवाखाना उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. आठवड्यातून दोनदा या कारखान्यात जाते. तिथल्या एमडी साहेबांनी कुठल्याशा रिसॉर्टमध्ये तीन दिवस ताई-ची केलं, म्हणजे चिनी लोकांची संथ कसरत, आणि येताना ते रेशमी डगला घेऊन आले. “याची प्रिन्सिपल्स रनिंगला लावा,” मला म्हणाले. “एनर्जी पोटातून आली पाहिजे.” मी निमूटपणे चाळीस स्लाइड्स बनवल्या. साहेबांना हसायचा अधिकार मी तिथेच गमावला.

तत्त्वं तशी खोटी नव्हती. पाठ सरळ, खांदे सैल, पावलं छोटी. पाय झाडत पुढे जायचं नाही. घोट्यातून अंग किंचित पुढे कलवायचं आणि वजन जाईल तिकडे पाय टाकायचे.

काशिनाथ चिखलोलीचा, पन्नाशीचा, पंचवीस वर्षं ड्रम हलवणारा. धावायचा मात्र परेडला आल्यासारखा: छाती पुढे, मुठी आवळलेल्या, टाचा आपटत.

“काशिनाथदादा, इतकं आवळून कशाला पळता?”

“मॅडम, जोर लावल्याबिगर पलायचा कसा? तुमच्या फोटूतला चायनीज बाबा त जागचा हलत पन नाय.”

तेवढ्यात गोडाऊनला लॉरी लागली. काशिनाथ गेला, मीही मागे गेले. त्याचा जोडीदार सुरेश भरलेले ड्रम खाली उतरवत होता. काशिनाथ एकेक ड्रम त्याच्या खालच्या कडेवर तिरका करायचा आणि तळव्यांनी हलकेच फिरवत न्यायचा. पाठ सरळ, खांदे सैल, पावलं छोटी. माझ्या चाळीस स्लाइड्स समोर चालत होत्या.

“यात जोर कुठे लावता?”

“जोर लावला त कंबर गेली. वाईच कलवायचा, मंग त्यो आपला आपन चालतो. आपन फक्त संगती जायचा.”

“मग पळताना स्वतःलाच ड्रम समजा.”

“बायको रोजच समजते.”

टेस्टला त्याने पंधरा मिनिटं चाळीस सेकंद घेतली. पास झालेल्यांत शेवटचा, पण नोकरी वाचली. साहेबांनी त्याला स्टेजवर बोलावलं. “सांग, ताई-चीने तुला काय शिकवलं?”

“साहेब, मी त ड्रम नेतो तसाच पललो.”

“म्हणजे ड्रममध्येही ताई-चीच!” साहेब म्हणाले. मग एचआरच्या मॅनेजरने टाळ्या सुरू केल्या.

पुढच्या शनिवारी आवारात पांढऱ्या ट्रॅकसूटमधले बारा मॅनेजर रिकामे ड्रम फिरवत होते. शिकवायला काशिनाथ.

“डोळे मिटा, ड्रमशी एकरूप व्हा,” साहेब म्हणाले.

“डोले उघडे ठेवा,” काशिनाथ म्हणाला, “पायावर येल.”

भरलेले ड्रम त्या दिवशीही आलेच होते. ते सुरेशने एकट्याने हलवले. सोमवारी तो माझ्या टेबलावर पालथा पडला होता, कंबर धरलेली. मी चार दिवस विश्रांती लिहून दिली. एचआरच्या फॉर्मवर दुखण्याचं कारण भरावं लागतं. मी लिहिलं: ‘व्यवस्थापनाचा व्यायाम’.