चौघांची एकच चूक

आमच्या घरी तेलुगू बोलत. घरीच काय, सगळ्या विणकर गल्लीतच तेलुगू. वाणी तेलुगू बोलायचा, न्हावी तेलुगू बोलायचा आणि एका मागावरून दुसऱ्या मागावर हाका जायच्या त्याही तेलुगूतच. जन्म माझा सोलापूरचा, पण मराठी मी शिकलो शाळेत, आणि तीही निम्मी अंदाजाने. तिसरीपर्यंत या अंदाजावर माझं निभावून गेलं.

तिसरीला आम्हांला एक म्हातारे मास्तर होते. ते अपूर्णांक फळ्यावर मांडून द्यायचे. वर अंश, मध्ये रेघ, खाली छेद. आम्ही ते पाटीवर उतरवून घ्यायचो, छेद सारखे करायचो, बेरीज-वजाबाकी करायचो. माझी उत्तरं बहुतेक बरोबर यायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढेही सुरात तोंडपाठ होते. ‘पाच पाऊण पावणेचार’ मी अगदी ठणठणीत म्हणायचो. म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला कधी विचारलं नाही.

चौथीत नवे मास्तर आले. तरुण होते, करकंब गावचे. नुकतेच ट्रेनिंग करून आलेले. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, पण राग आला की गावाकडचं बोलणं तोंडातून निघायचं. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. एकदा हेडमास्तर दारात उभे राहून त्यांना म्हणाले, “दिपोटी आले की पहिल्यांदा गणित बघतात. तुमचं सगळं त्याच्यावर आहे.” दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. हेडमास्तर गेल्यावर मास्तरांनी फळा पुसायला घेतला, आणि पुसून झाला तरी ते पुसतच राहिले.

त्या दिवसापासून तोंडी गणित सुरू झालं. मास्तर संख्या उच्चारायचे, आम्ही ती आकड्यांत पाटीवर लिहायची, आणि त्यांनी ‘वर’ म्हटलं की पाटी डोक्यावर धरायची.

आमच्या गल्लीतली आम्ही चौघं मुलं मागच्या रांगेत बसायचो. एक मी. दोघं चुलतभाऊ, ते कायम एकमेकांना चिकटून. आणि चौथा एक उंच मुलगा, आमच्याहून मोठा, आधी एकदा चौथीत नापास झालेला. माझ्या पुढ्यात जेऊरहून आलेला एक शेतकऱ्याचा मुलगा होता. तो मामाकडे राहून शिकत होता.

“दीड,” मास्तर म्हणाले. लिहिलं. “साडेचार.” लिहिलं. “पावणेतीन.”

मी तीन लिहिले आणि पुढे एक छेद चार. आमच्या भाषेतही पावाला ‘पावु’च म्हणतात. पाव आणि तीन, दोन्ही शब्द ओळखीचे. सव्वातीन म्हणजेही तेवढेच हे मला माहीत होतं, पण एकाच संख्येला दोन नावं असतील असं मी धरून चाललो होतो.

“वर.”

पाट्या वर गेल्या. मास्तर रांगेतून बघत बघत आले. पुढे कोणाचं बरोबर होतं, कोणी काहीतरी भलतंच लिहिलं होतं. आमच्या रांगेशी येऊन ते थांबले. पहिली पाटी बघितली, दुसरी, तिसरी, चौथी. मग परत पहिली.

“कुणाचं बघून लिवलं?” ते म्हणाले.

आम्ही आपापल्या पाटीकडे बघितलं.

“बरोबर उत्तर चौघांचं एक येईल. चूक चौघांची एक कशी येते? एकानं लिवलं आणि तिघांनी बघितलं. कोण तो एक?”

खरोखर कोणी कोणाचं बघितलं नव्हतं. पण ते सांगायला लागणारी मराठी त्या वेळी माझ्या जिभेवर येईना. मोठा चुलतभाऊ एवढंच म्हणाला, “नाय बघितलं.” मास्तरांनी त्यालाच आधी पुढे बोलावलं. मग आम्हां सगळ्यांना. दोन्ही हातांवर छड्या बसल्या. उंच मुलाला जास्त बसल्या, कारण तो मोठा आणि त्याने हात मागे घेतला नाही.

“दिपोटींच्या समोर हेच करणार तुम्ही,” मास्तर म्हणाले. “उद्या नाव सांगायचं. नाही तर चौघांचीही नावं पटावरून कमी करतो.”

तेवढ्यात घंटा झाली. पावणेतीनचं बरोबर उत्तर फळ्यावर लिहायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

घरी संध्याकाळी धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायचं काम माझ्याकडे असे. हात सुजलेले, त्यामुळे सूत सारखं तुटत होतं. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. त्यांनी मागावरूनच बघितलं.

“चोरी केलीस?”

“नाही.”

“मग का मारलं?”

“माहीत नाही, नायना.”

त्यांनी माग थांबवला. मग म्हणाले, “मारायचं कारणच कळत नसेल, तर त्या शाळेत जाऊन काय करायचं?” आई म्हणाली, “वर्ष तरी पुरं करू दे.” पुढे ती दोघं हळू आवाजात बोलत राहिली. मला एवढं कळलं की माझं शाळेत जाणं आता उद्या काय होतं त्यावर आहे.

अंधार पडायच्या आत आम्ही चौघं गल्लीच्या टोकाला, मागाचं उभं सूत, म्हणजे ताणा, पसरायच्या मोकळ्या जागेत जमलो. उंच मुलगा म्हणाला, “मी सांगतो, मी बघून लिहिलं. एकट्याला मारतील आणि संपेल.”

“कोणाचं बघून?” धाकट्या चुलतभावानं विचारलं.

याचा विचार त्याने केला नव्हता. खोटं कबूल करायलाही दोघं लागत होते. एक बघणारा आणि एक दाखवणारा. मोठा चुलतभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, “याचं नाव सांग. हा हुशार आहे, याला कमी मारतील.”

नाव कमी झालं तर नायना काय करतील हे मी नुकतंच ऐकून आलो होतो. उंच मुलानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. “नको. याचं नको.” मग तो घरी निघून गेला. काहीच ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही.

मास्तरांनी हजेरी घेतली. त्याच्या नावाला उत्तर आलं नाही, तशी त्यांनी मान वर केली. “म्हणजे तोच. कबूल करायला नको म्हणून घरी बसला. काय रे, त्याचंच बघितलं ना तुम्ही?”

आमच्यापुढे सुटकेचं दार उघडंच होतं. ‘हो’ म्हटलं की आम्ही तिघं सुटत होतो. तो तर तिथं नव्हताच. चुलतभाऊ माझ्याकडे बघत होते. मास्तरांनी छडी टेबलावर आडवी ठेवली होती आणि बोटानं ती पुढे-मागे लोटत होते. पुढ्यातला जेऊरचा मुलगा मागे वळून पुटपुटला, “व्हय म्हण की. सुटशील.”

“नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, “त्याचं नाही बघितलं. कोणीच नाही.”

मास्तर उठले. मला वाटलं, आता छडी. पण त्यांनी आम्हां तिघांना वर्गाच्या तीन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसवलं. “मान वळली की बघा,” म्हणाले. भिंतीचा चुना माझ्या नाकापासून वीतभर लांब होता.

“सव्वापाच.” मी लिहिलं. “साडेसात.” लिहिलं. “पावणेसहा.” माझी पेन्सिल थांबली. काल याच शब्दानं घात केला होता, एवढं कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं. दुसरं काही सुचेना. सहा लिहिले, पुढे एक छेद चार.

मास्तर एकेका कोपऱ्यात येऊन पाट्या बघून गेले. मग म्हणाले, “पावणेदोन.” पुन्हा बघून गेले. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, तो थांबेपर्यंत तेही थांबले.

“इकडं या तिघं,” ते म्हणाले. आवाज बदलला होता. “पावणेसहा म्हणजे किती?”

“सहा आणि पाव,” मी म्हणालो.

“आणि सव्वासहा?”

“सहा आणि पाव.”

वर्ग हसला. मास्तरांनी हात वर करून गप्प केलं. त्यांनी फळ्यावर पाच लिहिले आणि पुढे तीन छेद चार. “याला घरी काय म्हणता?”

“ऐदु मुप्पावु,” आम्ही तिघं एकदम म्हणालो.

“म्हणजे?”

“पाच, आणि तीन पाव.”

“पाच आणि तीन पाव,” मास्तर हळूच म्हणाले. ते फळ्याकडेच बघत होते. मग त्यांनी खडूनं त्या पाचाच्या डोक्यावर सहा लिहिले. “आम्ही सहावर उभे राहून मागं बघतो. सहाला पाव उणा. पाव उणे सहा, म्हणून पावणेसहा. तुम्ही पाचावर उभे राहून पुढं जाता. जागा एकच.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “हे काल का नाही सांगितलं?”

काय सांगणार? आमची भाषा निराळं मोजते, हे आम्हांलाच आत्ता कळत होतं.

मास्तरांनी छडी उचलून कपाटावर टाकली. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “त्या मोठ्याचं घर दाखव.”

उंच मुलाच्या घरात एकच माग होता आणि त्यावर तो स्वतः बसला होता. पाय मागाखालच्या खड्ड्यात, हातात आडवं सूत ओढणारा धोटा. शेजारी त्याचे वडील खोकत बसले होते. मास्तरांना बघून ते उठले, पण आत या म्हणाले नाहीत. त्यांना मराठी जेमतेम यायची आणि मास्तरांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. मध्ये मी.

“विचार त्यांना,” वडील मला म्हणाले, “माझ्या पोराचा गुन्हा काय होता?”

मी ते मराठीत सांगितलं. सांगताना मान वर करवेना.

“गुन्हा नव्हता म्हणून सांग,” मास्तर म्हणाले. “माझ्या समजण्यात चूक झाली. मी मारायला नको होतं.”

मास्तर असं काही बोलतील आणि ते मला आमच्या भाषेत सांगावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी मास्तरांकडे नीट बघितलं. मागाचा आवाज थांबला होता, पण मुलगा इकडे वळला नाही.

“माझी छाती धरलीय,” वडील म्हणाले. “तो उठला तर माग बंद पडतो. आता नाही पाठवता येत.”

“सकाळची शाळा तरी करू द्या,” मास्तर म्हणाले. मी सांगितलं. मुलानं पुन्हा धोटा फेकला. आम्ही परत निघालो.

पुढचे दिवस मास्तर आम्हां तिघांना शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. पावणेचार, पावणेआठ, पावणेदहा. ऐकायचं एका बाजूनं, मोजायचं दुसऱ्या बाजूनं. माझा मेळ बसत होता, पण घाई झाली की पुन्हा पाव पुढे पळायचा. मास्तर रागवायचे, दात आवळायचे, छडीकडे मात्र गेले नाहीत.

दिपोटी आले ते लांब कोटात आणि पागोट्यात. खुर्चीत बसून त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि मागच्या रांगेच्या कडेला बसलेल्या माझ्यावर बोट रोखलं.

“एक कापड पावणेचार हात. दुसरं सव्वादोन हात. मिळून किती?”

मी उभा राहिलो. मास्तर फळ्याशी होते. मूठ इतकी घट्ट मिटलेली की आतल्या खडूची पूड बोटांतून गळत होती. चार ऐकू आले आणि जीभ चारावर जायला लागली. मी डोळे मिटले. मूडु मुप्पावु. तीन आणि तीन पाव. त्यात दोन आणि एक पाव.

“सहा हात.”

“त्यातून पावणेदोन हात कापून काढलं. उरलं किती?”

आता आणखी वेळ लागला. दिपोटींनी कोटातून घड्याळ काढलेलं दिसलं. सहातून दोन गेले असते तर चार. पण पूर्ण दोन गेले नव्हते, एक पाव राहिला होता.

“सव्वाचार.”

“बस,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. शाबासकी वगैरे काही नाही. मी खाली बसलो. मास्तरांची नोकरी त्या तपासणीनंतर कायम झाली.

नंतरच्या एका सोमवारी उंच मुलगा येऊन आपल्या जागी बसला. वडिलांची छाती जरा बरी झाली होती. सकाळी शाळा आणि दुपारी माग, असं त्यांनी कबूल केलं होतं. मास्तरांनी हजेरीत त्याचं नाव घेतलं, त्यानं ‘हजर’ म्हटलं. त्याचं नाव त्यांनी कमी केलेलंच नव्हतं.

चौथीची परीक्षा आम्ही चौघांनीही दिली आणि चौघंही पास झालो. गणितात तो माझ्यापुढे होता. निकाल लागला आणि तो पूर्णवेळ मागावर बसला. मी पाचवीत गेलो. शाळेचा रस्ता त्याच्या दारावरून होता. सुरुवातीला मी मागच्या गल्लीनं जायचो. एक दिवस उशीर झाला म्हणून पुढून गेलो, तर आतून हाक आली. माग थांबवून त्यानं विचारलं, “पाचवीत काय शिकवतात रे?”

मी दप्तर खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून सांगायला लागलो.