समोरचं काढा, बाई

रिसबूड साहेब उघड्या संगणकासमोर उभे राहायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. कमरेत वाकायचे, मान डावी-उजवीकडे करायचे, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा खाली घ्यायचे, पण हात काही पुढे येत नसत. दहा मिनिटं, कधी पंधरा. आपलं काम अडलेलं आणि हा माणूस नुसता बघत उभा. मग खिशातून पेन्सिल निघायची आणि एखाद्या पाठकोऱ्या कागदावर आतल्या बोर्डाचा नकाशा उतरायचा. कुठलं कनेक्टर कुठल्या कोपऱ्यात, त्याची पहिली पिन कुठल्या बाजूला, त्यात सध्या काय खुपसलेलं आहे. खाली सही आणि तारीख. त्यानंतर कुठे स्क्रू-ड्रायव्हर. कोणी घाई केली की म्हणायचे, "डोळ्यांनी काम भागत असेल तर हात कशाला घालायचे?"

मला या माणसाचा राग होता. होता म्हणजे काय, अजून आहे. ते आता या जगात नाहीत, तरी आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना त्यांच्याकडे काम घेऊन जावं लागलं नाही, त्यांनी खुशाल बोलू नये.

आमचा कारखाना सरकारी, क्वार्टर कारखान्याचं, शाळा, दवाखाना, बाजार सगळं कारखान्याचं. त्यामुळे ज्याच्याशी दिवसा भांडावं तोच संध्याकाळी भाजीच्या रांगेत पुढे उभा असायचा. मी टेस्टिंगमध्ये होते. मोटार तयार झाली की ती चालवून तिची गरमी, करंट, आवाज मोजायचा आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. रिसबूड कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. ते मूळचे सांगलीकडचे. पंचवीस वर्षं भोपाळमध्ये काढूनही मराठीत एक हिंदी शब्द शिरू दिला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! मी ग्वाल्हेरची. आमची मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली. गणेशोत्सवात मी आभार मानायला उभी राहिले आणि म्हणाले, "मी खूप खुश झाली." दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "झाले, बाई, झाले! क्रियापदानं काय घोडं मारलंय तुमचं?" सगळा मंडप हसला. माझी सासूसुद्धा हसली. त्या दिवसापासून माझ्या लेखी तो माणूस संपला.

पण संपवून चालणार नव्हतं. आमची एक मोटार ग्राहकाच्या गोदामात तीन वर्षं पडून राहिली आणि कुठल्याशा पाणीपुरवठ्याच्या पंपावर बसवल्यावर चार महिन्यांत जळाली. ग्राहकाचं म्हणणं पडलं की ती तपासलीच नव्हती, नुसता कागद पाठवला. कागदावर सही माझी. चौकशी समिती बसली. फाईलमधली प्रत वाळवीनं खाल्लेली, तेव्हा समितीनं संगणकातल्या मूळ नोंदी मागितल्या आणि पंधरा दिवस दिले. मी छाती पुढे काढून सांगितलं, "मैं बिना टेस्ट किए साइन नहीं करती, सर." नोकरीची अठरा वर्षं झाली होती. खोटी सही सिद्ध झाली असती तर बढती गेलीच होती, नोकरीवरही बेतलं असतं.

नोंदी होत्या त्या जुन्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये. तो संगणक केव्हाच बंद पडला होता. ड्राइव्ह तेवढी रिसबूडांनी काढून कपाटात ठेवली होती. त्या कपाटात अशा वीस-पंचवीस जुन्या ड्राइव्ह होत्या, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकीला नकाशाची चिठ्ठी बांधलेली. मी मागायला गेले तेव्हा ड्राइव्ह आणि एक चपटी केबल त्यांनी टेबलावर ठेवली.

"लावता येईल?"

"त्यात काय येवढं," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

नवा संगणक एम. पी. नगरच्या बाजारातून आणलेला, पंधरवड्यापूर्वीचा. झाकण काढलं तर आत सगळं वेगळंच. नव्या ड्राइव्हसाठी बोटाच्या पेरापेक्षा लहान चार कनेक्टर, आणि जुन्या चपट्या केबलचं लांब कनेक्टर एकच, तेही बोर्डाच्या पार खालच्या काठाला. त्यात अगोदरच सीडी ड्राइव्हची केबल होती. त्याच केबलच्या मधल्या कनेक्टरला मी जुनी ड्राइव्ह जोडली आणि बटण दाबलं. ड्राइव्ह फिरल्याचा आवाज आला, पण पडद्यावर तिचा पत्ता नाही. वर सीडी ड्राइव्हही दिसेनाशी झाली. रिसबूडांनी दिलेली केबल लावली, तरी तेच.

चार दिवस हा खेळ चालला. मग मी कँटीनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दुबेजींना सांगितलं, की बुढ्ढ्यानं मुद्दाम केबल खराब दिली आहे, ड्राइव्हही त्यानंच बिघडवली असणार. दुबेजींना एक गोष्ट सांगितली की ती दहा ठिकाणी पोचायची. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या टाउनशिपला माहीत झाली. लोकांना पटलीही, कारण रिसबूड कुणालाच आवडत नसत.

सहा दिवस उरले तेव्हा मी नाक मुठीत धरून त्यांच्याकडे गेले. वाटलं होतं, ऐकवतील. त्यांनी फक्त पाठकोरा कागद पुढे केला. "नकाशा काढून आणा."

"साहेब, दिवस कमी आहेत."

"म्हणून तर म्हणतो."

मी संगणकाबरोबर आलेल्या पुस्तिकेतून सुरेख नकाशा उतरवला. पट्टीनं रेघा मारल्या. त्यांनी एक नजर टाकून परत दिला. "यात लांब कनेक्टर दोन दाखवलेत. तुमच्या बोर्डावर किती आहेत?"

एकच होतं. पुस्तिका दोन-तीन मॉडेलांची मिळून छापलेली होती.

"पुस्तकातलं काढलंत. समोरचं काढा, बाई."

दुसरा नकाशा मी संगणकापुढे उकिडवं बसून काढला. तोही परत आला. पहिली पिन दाखवली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "बोर्ड ठीक. पण केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते कोण काढणार? ड्राइव्हची पाठ काढा." मनात त्यांना ग्वाल्हेरच्या ठेवणीतल्या चार शिव्या घातल्या आणि जुनी आणि सीडीची, दोन्ही ड्राइव्ह बाहेर काढून पालथ्या केल्या. चपट्या केबलच्या ड्राइव्हच्या पाठीला बारीक काड्या असतात आणि त्यांवर नखाएवढी एक टोपी बसवलेली असते. तिला जंपर म्हणतात. एका केबलवरच्या दोघींपैकी पहिली कुठली आणि दुसरी कुठली, ते त्या टोपीच्या जागेवरून ठरतं. मी पेन्सिलीनं एक टोपी काढली, मग दुसरी काढली, आणि थांबले. दोन्ही टोप्या एकाच जागी होत्या. दोघीही स्वतःला पहिली समजत होत्या. केबल चांगली होती. ड्राइव्ह चांगली होती.

कागद घेऊन धावत गेले. त्यांनी निवांत पाहिला. "अजून एक चूक आहे. पण तिच्यामुळे ड्राइव्ह अडणार नाही. चला." कुठली चूक ते सांगतील तर शपथ. माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले, हात पाठीमागे. टोपी मी सरकवली, केबल मी बसवली, बटण मी दाबलं. त्यांनी कशालाही बोट लावलं नाही. ड्राइव्ह दिसली. मी विजयी मुद्रेनं जळालेल्या मोटारीची फाईल उघडली, आणि तुलनेसाठी तिच्या आधीच्या मोटारीचीही.

दोन्हींतले आकडे सारखे होते. गरमीच्या सगळ्या नोंदी, दशांशासकट. दोन्ही फायली साठवल्याच्या वेळेत तीन मिनिटांचं अंतर होतं. त्या चाचणीला चार तास लागतात. तारीख एकतीस मार्च.

मार्चअखेर म्हणजे काय ते कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. माल त्याच दिवशी फाटकाबाहेर पडायला हवा. बारा मोटारी उभ्या आणि टेस्टिंगची जागा एक. मी आधीच्या फाईलची नक्कल करून वरचा नंबर बदलला होता. खरं सांगते, मी हे विसरले होते. म्हणजे आठवायचं टाळलं होतं, आणि टाळता टाळता खरंच विसरले होते.

रिसबूड पडद्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ड्राइव्ह वाचता येते आहे. मी निघतो." दारापाशी वळले. "माझी केबल खराब होती, हे गावभर झालंच आहे. समितीलाही तसं सांगितलंत तर विश्वास ठेवतील." टोमणा होता की मुभा होती, मला आजतागायत कळलेलं नाही.

समितीच्या खोलीत ते माझ्या आधीच येऊन बसले होते. मी वाक्य पाठ करून गेले होते: ड्राइव्ह खराब हो चुकी है. अध्यक्षांनी पहिल्यांदा त्यांनाच विचारलं, "रिसबूड जी, ड्राइव चलती है क्या?"

"इन्हीं से पूछिए," ते म्हणाले. "जोड़ी इन्होंने है. मैंने हाथ नहीं लगाया."

सगळे माझ्याकडे वळले. ते मात्र खिडकीबाहेर बघत होते, जणू माझ्या उत्तराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी एका शब्दानं मला पकडलं असतं तर मी भांडले असते, खोटं रेटून नेलं असतं. मला भांडायलाच कोणी ठेवलं नाही.

"चलती है, सर," मी म्हणाले. "टेस्ट मैंने नहीं किया था. कॉपी किया था."

दोन इन्क्रिमेंट बंद झाल्या, बढती गेली, टेस्टिंगमधून स्टोअरमध्ये रवानगी झाली. नोकरी राहिली. बाहेर आल्यावर जिन्यात ते पुढे होते. वाटलं, आता तरी काहीतरी म्हणेल हा माणूस. मागे न वळता म्हणाले, "नकाशातली चूक शोधा." असा माणूस! कोणी त्याच्यावर प्रेम करावं तरी कसं?

निवृत्तीनंतर ते भोपाळमध्येच, अवधपुरीत घर घेऊन राहिले. एकदा बिट्टन मार्केटच्या हाटात दिसले. मी वांगी निवडण्यात गर्क असल्याचं सोंग केलं. ढिगापलीकडून खणखणीत आवाज आला, "बाई, सापडली का?"

"नाही सापडली."

"शोधली का?"

मी वांगी तिथेच टाकून निघून आले. तीच शेवटची भेट.

ते गेल्याचं दुबेजींनी फोनवर सांगितलं. मी रडले नाही. पण कपाट उघडून तो नकाशा काढला. तो का जपून ठेवला होता, विचारू नका. संगणकाचं आता मला काही कळत नाही. लेकीच्या नव्या संगणकात ते लांब कनेक्टर औषधालाही नाही. तरी चष्मा लावून एकेक रेघ तपासली. लांब कनेक्टर बरोबर, पहिली पिन बरोबर, दोन्ही टोप्या बरोबर. चूक रेघांत नव्हतीच. कागदाचा खालचा उजवा कोपरा कोरा होता. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर तिथे सही आणि तारीख असे. जे पाहिलंच नव्हतं त्यावर मी झोकात सही केली होती, आणि जे उकिडवं बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यावर केली नव्हती.

तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? खडूस तो खडूसच.

मी पेन घेतलं आणि कोपऱ्यात सही केली. तारीख मात्र आजचीच घातली.