आधी त्यांची बाजू

मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हाच घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पीएच.डी.चाही हट्ट धरला. विषय डोक्यात पक्का होता: न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणजे नैयायिक, आणि बौद्ध शेकडो वर्षं भांडले आणि त्या भांडणातच दोघं घडले. एकाने अनुमानाची व्याख्या करायची, दुसऱ्याने तिला भोक पाडायचं, की पहिल्याच्या पुढच्या पिढीला ती नव्याने बांधणं भाग. लोकांना यात वैर दिसायचं, मला देवाणघेवाण.

न्यायदर्शनाचे ग्रंथ वाचायला मी इंदिरानगरहून मोपेडवरून पंचवटीत एका गुरुजींकडे जायचे. त्यांचा नियम कडक. समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडायचा आणि तोही जीव ओतून. "अगं, लंगडा करून मांडलास तर त्याला पाडण्यात कसली मर्दुमकी?" स्वतः पक्के नैयायिक, पण मी बौद्धांची बाजू मांडताना अडखळले की तेच मला नवे मुद्दे पुरवायचे. फार आवडायचे मला ते.

मग विषय मंजूर करून घेण्याची मुलाखत आली. समितीच्या प्रमुखांचं मत सगळ्यांना माहीत होतं: प्रत्येक दर्शन आपापल्या मुळांवर वाढलं, वाद नुसते वरवरचे. त्यांनी नाही म्हटलं तर घरच्यांनी मला बी.एड.ला बसवायचं ठरवलंच होतं. मी सवयीने आधी त्यांचाच पक्ष घेतला आणि त्यात इतकी रंगले की वेळ संपली. सर खूश.

"वा! हेच तर मी इतकी वर्षं सांगतोय. मग कशाला त्या देवाणघेवाणीच्या भानगडीत पडता? विषय बदला. बसा."

पण मी बसले नाही.

"सर, हा तुमचा पक्ष झाला. माझा आता सुरू होतो."

मी बोलत सुटले. त्यांनी मधेच अडवलं, "वाद झाला म्हणजे प्रभाव पडला, हे कशावरून? दोघं ओरडून आपापल्या घरी गेले असतील."

प्रश्न झोंबला, कारण तो बरोबर होता. मी म्हटलं, "मान्य. आक्षेपानंतर व्याख्या बदललेली जिथे दाखवता येईल, तेवढंच मी धरीन." माझा प्रबंध त्या क्षणी बराच लहान झाला आणि उभा राहण्याजोगा झाला.

"आणि तरीही मी नाहीच म्हटलं तर?"

"तर पुन्हा येईन, सर. या नकाराचाही पूर्वपक्ष करून."

ते हसले नाहीत. शेजारच्यांकडे बघून मंजुरीची मान हलवली आणि मला म्हणाले, "माझी बाजू लिहून झाली की आधी मला दाखवा. कच्ची राहायला नको."