खोडाभांची एकुलती वही

खोडाभा बारोट म्हणजे कुंभारांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. गुजरातेत लिंबडीकडच्या बेचाळीस गावांत कुणाकडे पोरगा झाला की खोडाभा वही घेऊन हजर. ओट्यावर बसायचे, अठरा पिढ्या घडाघडा वाचायचे, नवं नाव चढवायचे आणि लापशी खाऊन पुढच्या गावाला लागायचे. आज्याच्या आज्यापासून हेच चाललेलं.

वहीचा कायदा एकच. ती दोन असता कामा नये. नक्कल करायची नाही, सख्ख्या भावालासुद्धा द्यायची नाही. दोन वह्या झाल्या की कुणीतरी एकीत नाव घुसडतो आणि मग खरी कुठली हे ब्रह्मदेवाला कळत नाही. जीर्ण झाली की नवी उतरवायची आणि जुनी चांदोदला नर्मदेत सोडायची, बस.

खोडाभांच्या वहीला कसर लागली होती. वेखंड झालं, कडुनिंब झाला, सापाची कातसुद्धा ठेवून झाली. पानांची चाळण व्हायची थांबेना. तेव्हा हंसानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, घरी कॉम्प्युटर आणला. ती वढवाणला शाळेत शिकवते. तीन वर्षं खोडाभा एका बोटानं त्यात वही टाइप करत राहिले. त्यात एक बंडही करून बसले. वहीत लेकींची नावं कधी चढत नसत. यांनी गावोगाव विचारून तीही चढवली. भाऊबंद म्हणाले, म्हातारा चळला. चळू दे की, तुमचं काय गेलं?

"बापू, पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवते," हंसा म्हणाली.

"दुसरी वही? बारोटाची लेक ना तू? बाहेर बोलू नकोस असलं."

"बरं, मग एवढं तरी ऐका. लाल खिडकी उघडली, व्हायरस आहे म्हणून भीती घातली, तर खोटी समजा. त्यातला नंबर लावायचा नाही. वायर ओढायची आणि मला फोन करायचा."

"हो गं बाई. मी काय कुकुलं बाळ आहे?"

दिवाळी झाल्यावर त्यांनी जुनी वही नर्मदेत सोडली. त्याला पंधरवडा झाला नसेल, भर अकरा वाजता पडदा लाल झाला. तीनशे बारा व्हायरस. मशीन बंद केलंत तर सगळं जाईल. खाली नंबर, आणि भोंगा थांबेना. खोडाभांचा हात वायरीपर्यंत गेलाही होता. पण बंद केलं तर जाईल असं लिहिलंय ना, आणि जुनी वही तर पाण्यात. हंसाला फोन लावला. ती वर्गात, फोन बंद. मग त्यांनी तो नंबर लावला.

"घाबरू नका दादा, मी आहे ना," पलीकडचा माणूस म्हणाला. फार गोड बोलत होता.

खोडाभांनी जन्माच्या सवयीनं विचारलं, "भाई, तू कुणातला?"

"तुम्ही कुणातले, दादा?"

"मी कुंभारांचा बारोट."

"मग तुमचाच की मी. विपुल प्रजापती."

संपलंच. प्रजापती म्हणजे कुंभार, म्हणजे यजमान, आणि यजमानावर बारोटानं संशय घ्यायचा नसतो. समोर एक लग्नपत्रिका पडली होती. तिच्या पाठीवर त्यांनी नीट अक्षरात त्याचं नाव लिहून घेतलं, सावकाश वहीत चढवू म्हणून. गाव विचारलं तर म्हणाला, नंतर सांगतो. गावापुरती जागा त्यांनी कोरी सोडली.

त्यानं सांगितली ती बटणं खोडाभांनी दाबली. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. "साफ करतोय," तो म्हणाला, आणि पैशासाठी कार्डाचा नंबर मागितला.

"कार्ड नाही रे. पासबुक आहे."

"अर्धा तास खाल्लास, म्हाताऱ्या," पलीकडून आलं. बाण पडद्यावरच्या वहीवर जाऊन थांबला.

"भाई, त्याला हात लावू नको. तुझेच वाडवडील आहेत त्यात."

बाणाला कुठले वाडवडील. गाव गेलं, शाखा गेली, लेकीसुना गेल्या. खोडाभा "भाई, भाई" करत राहिले. वायर ओढायचं सुचलं तेव्हा फोन कट झाला होता.

सुरेंद्रनगरच्या दुकानदारानं दोन दिवस मशीन ठेवून घेतलं. "काका, पुसून वर कचरा भरलाय. काही निघत नाही," तो म्हणाला.  

माघात शियाणी गावचा देवशी कुंभार नातीला घेऊन आला. "भा, लेकींची नावं चढवता म्हणे. हिचं चढवा. आधी आमचं वाचा."

खोडाभा आठवून बोलायला लागले. सातव्या पिढीपर्यंत नीट आलं. आठव्या पिढीला रतना की रणछोड, काही केल्या आठवेना. चुकीचं नाव सांगायचं पाप त्यांच्या हातून होणं नव्हतं.

"पुढं?" देवशीनं विचारलं.

"पुढं नाही."

"नाही म्हणजे?"

 देवशी नातीला कडेवर घेऊन उठला. त्यानंतर बेचाळीस गावांतून कुणी बोलावणं धाडलं नाही.

वही ज्या लाल फडक्यात बांधत ते फडकं अजून पेटीत आहे. त्यात आता ती लग्नपत्रिका आहे. हंसा एकदा ती फाडायला निघाली, तर त्यांनी तिचा हात धरला. बारोटानं चढवलेलं नाव फाडायचं नसतं. बेचाळीस गावांच्या वंशावळीतलं तेवढं एकच नाव त्यांच्या अक्षरात उरलंय, विपुल प्रजापती, आणि पुढं गावाची जागा कोरी.