खाचेतलं कुंकू

मी आयुष्यात जो काही झालो, तो आयटीआयमधल्या माझ्या मास्तरांमुळे. मोटार मेकॅनिकचा वर्ग ते शिकवत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पदवीच्या प्रवेशाचा अर्ज आणि पुढे फौजदाराच्या परीक्षेचा अर्ज, दोन्ही त्यांनीच समोर बसवून भरून घेतले. त्यांनी शिकवलेली एक साधी गोष्ट माझ्या एका तपासात कामी आली. ती घटना अजून मनातून गेलेली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवरून उतरणारी एक मोटार थांबलीच नाही. पायथ्याशी फुलं आणि रेवड्या विकणारी बाई जागीच गेली. चालक पळाला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो त्या बाईच्या टोपलीतली सांडलेली फुलं गोळा करत बसला होता.

घटनास्थळाचा पंचनामा केला. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. म्हणजे याने ब्रेक दाबलाच नाही, असा मी निष्कर्ष काढला. मोटारीचा मालक गाडीतच होता. तो म्हणाला, "ब्रेकला दोष देऊ नका. कालच समोरच्या दोन्ही चाकांना ब्रेकच्या नव्या डिस्क बसवल्यात. साध्या नाहीत, खाचांच्या. मुद्दाम मागवल्या होत्या."

ठाण्यात चालकाचा जबाब घेतला. पन्नाशीचा माणूस, मालकाकडे पगारावर.

"साहेब, दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभा झालतो. गाडी थांबतच नव्हती."

"ब्रेक फेल झाला, असंच ना?"

"फेल नाई जी. पेडल कडक होतं. पकडत नव्हतं."

आमचा हवालदार हसला. "मंग काय ब्रेकले झोप लागलती?"

चालक हसला नाही. "सव्वीस वर्षं झाले गाडी चालवून राह्यलो. लायसनवर एक डाग नाई. आता जेलात गेलो तर पुन्हा कोण गाडी देईन मले?"

अपघातानंतर प्रत्येक चालक ब्रेकचं नाव घेतो. मी त्याचे शब्द लिहून घेतले, पण ऐकले नाहीत. हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्या नावावर नोंदवला, अटक दाखवली, लायसन जप्त केलं.

तिसऱ्या दिवशी मृत बाईचा नवरा ठाण्यात आला. अपघाताच्या वेळी तो त्यांच्या फुलांच्या दुकानामागे पाणी भरत होता. तो बाकावर बसला. म्हणाला, "साहेब, मले त्या ड्रायव्हरले वाचवाचं नाई. पण गाडी खाली आली तवा वास आला. जळक्या तेलाचा. चाकातून धूर निघून राह्यला होता."

"हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"तवा माही बायको रस्त्यावर पडली होती जी."

मी चालकाचा जबाब पुन्हा काढला. तेलाचा वास आणि कडक पेडल. ब्रेक फेल झाला असता तर पेडल खाली गेलं असतं. आयटीआयच्या शेडमध्ये मास्तरांनी मला एकदा पूर्ण बसवलेलं चाक परत खोलायला लावलं होतं. नवी डिस्क गंजू नये म्हणून तेल लावूनच येते. ते धुतलं नाही तर डिस्कला पकडणारे पॅड घसरतात, पुढे ते तेल पितात आणि जळतात. मास्तर डिस्कवर पांढरं फडकं फिरवत. फडकं मळलं, की काम पुन्हा पहिल्यापासून.

मोटार वाहन निरीक्षक पाहणीला आले, तेव्हा दोन पंचांसमोर समोरची चाकं काढायला लावली. ब्रेकच्या नळीत गळती नव्हती. पण डिस्कवर फिरण्याची दिशा दाखवणारे बाण उलटे होते. डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली होती. निरीक्षक म्हणाले, "एवढ्याने गाडी थांबायची राहत नाही. पण बसवणारा घाईत होता, हे नक्की." मी पांढरं फडकं बोटाला गुंडाळलं आणि खाचेच्या टोकाशी, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, फिरवलं. फडकं लाल निघालं.

"रक्त!" एक पंच मागे सरकला.

मी वास घेतला. तेलात भिजलेलं कुंकू होतं.

समुद्रपूरच्या रस्त्यावरच्या ज्या मिस्त्रीने डिस्क बसवल्या होत्या, त्याला बोलावलं. हात आखडून बसलेला, साधा माणूस. असा माणूस दरडावल्याने गप्प होतो, म्हणून चहा मागवला.

"डिस्क बसवण्याआधी धुतल्या होत्या?"

"धुतल्या जी. पेट्रोलनं."

"डिस्क बसते तो हब घासला? नट समोरासमोरचे आवळले? सपाट रस्त्यावर चक्कर मारून ब्रेक पाहिला?"

"सारं केलं जी."

"दसऱ्याला अवजारांची पूजा केली?"

"केली ना. पाने, जॅक, सारं पुसून तेल लावलं."

"आणि या डिस्क?"

मी फडकं टेबलावर ठेवलं. त्याने कप खाली ठेवला.

"नव्या होत्या जी, म्हणून पूजेत ठेवल्या. दसऱ्याले आम्ही पान्याले हात नाई लावत. पण मालक येऊन उभे राह्यले, सकाळी गिरडले जाचं म्हणून. ताजं कुंकू होतं साहेब. पुसाचं, धुवाचं मन नाई झालं."

त्याने खोटं सांगितलं होतं ते भीतीने. चूक केली होती ती श्रद्धेने. पण बाई गेलीच होती. दोषारोपपत्र त्याच्यावर दाखल झालं. चालकाचं नाव वगळण्याचा अहवाल मी न्यायालयात दिला आणि लायसन त्याच्या हातात ठेवलं. बाईचा नवरा तेव्हा ठाण्यातच होता. बाहेर दोघं एकाच बाकावर बसले.

त्या आठवड्यात मी मास्तरांना पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या फडक्याने एक निर्दोष माणूस सुटला. सगळे माझं कौतुक करतात, पण खरं तुम्हालाच सांगतो. 'पेडल कडक होतं' हे तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. ते ऐकलं असतं तर चाक त्याच दिवशी खोललं असतं. ज्याची बायको गेली, त्याला माझ्यापर्यंत चालत यावं लागलं. तुम्ही मला पुन्हा खोलायला लावायचे, तेव्हा राग यायचा. आता माझ्या मागे उभं राहून 'पुन्हा खोल' म्हणणारं कोणी नाही, म्हणून ते मीच स्वतःला म्हणत जाईन.

ते फडकं तुम्हाला पाठवणार होतो. पण ते मुद्देमालात जमा आहे.

तुमचा विद्यार्थी."