नवरा घरी येईपर्यंतचे नवस

फुलवाती वळायला आम्ही तिघी दर गुरुवारी माझ्या देवघरापुढं बसतो. डबाभर वाती होईपर्यंत नवऱ्यांचे पोतंभर किस्से होतात. वाती निदान जळून संपतात, किस्से कुठले संपायला!

*

शेजारच्या शालनवहिनींचे यजमान भांडण झालं की बोलत नाहीत. चिंच घेतात आणि दिसेल ते भांडं घासत बसतात. राग जेवढा मोठा, तेवढा तांब्या लख्ख!

मागं एकदा वहिनी सुस्कारा टाकून म्हणाल्या, "नवरात्र आठ दिवसांवर आलं, देवाची भांडी काळी पडलीत. उद्या भांडायलाच लागतंय बघा!"

*

तिसरी पूजा, नवी नवरी. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. हिनं मेसेज टाकला, ‘मी रागावलेय.’ उत्तर आलं, ‘ओके.’

"काकी, संपलं का हो आमचं?" पोरगी रडायलाच लागली. आम्ही चष्मे लावून तासभर त्या दोन अक्षरांकडं बघितलं. शेवटी तिला विचारायला लावलं, ‘ओके म्हणजे काय?’

उत्तर आलं, ‘बरं.’

*

आता माझं. आमचे हे शिरोलीला फौंड्रीत. फोन उचलला नाही की माझ्या छातीत धडधड. मग अंबाबाईला एक नारळ बोलते. पाच मिनिटांनी पाच. एकदा तासभर फोन लागेना, तेव्हा घाबरून थेट जोतिबाला बोलले, "हे सुखरूप येऊ देत, डोंगर अनवाणी चढतील!"

हे आले. फोन डब्याच्या पिशवीत राहिला होता, एवढंच!

रविवारी हे चप्पल शोधायला लागले. मीच लपवलेली. सगळं सांगितलं.

"म्हंजे मी धडधाकट आलो म्हणून मलाच शिक्षा व्हय?"

पण चढले हो! गुलालानं माखून, पायाला फोड घेऊन आले आणि म्हणाले, "परत असला नवस बोललीस तर फोन घरातच ठेवून जाणार!"

फोनच नसला तर मी दिवस कसा काढू?

*

उपाय शालनवहिनींनी दिला. "टेन्शन आलं की जपमाळ घ्यायची. एका मण्याला एक श्वास, सावकाश."

मंगळवारी यायची वेळ टळली, फोन लागेना. नवस ओठावर आलेला, गिळला. माळ घेतली. चाळिसाव्या मण्याला धडधड थांबली. साठाव्याला तिथंच डोळा लागला.

जाग आली ती दारावरच्या थापांनी. बाहेर हे, शालनवहिनी, अर्धी गल्ली! ह्यांच्या कानाला अजून फोन.

"अर्धा तास बेल वाजवतोय! वीस फोन केले!"

"अहो, जप करत होते. नवस न्हाई हं बोलले."

हे खाली बघत पुटपुटले, "मी बोललो."

"अगंबाई! काय?"

"जोतिबा. अनवाणी."

"मग जावा की रविवारी!"

"मी कशाला? तुझ्या नावानं बोललोय."

मी माझ्या चपला बघायला गेले. जागेवर नव्हत्या!